एक पावसाळा कुंडीत

खोली भाड्यानं मागायला गेलो तेव्हा मास्तरांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, पगारही विचारला नाही. ओट्यावर उकिडवे बसून ते कुंडीतल्या एका रोपावरची मुंगी फुंकून खाली उतरवत होते, तीही अशा अदबीनं की जणू ती लग्नाला आलेली मावशी. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"तुमच्या गावात पाऊस कुठल्या दिशेनं येतो?"

मी माण तालुक्यातला. नव्यानं डहाणूच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलेला. नेमणुकीचा हुकूम हातात पडेपर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता, आणि पाऊस तरी कुठं धड पाहिला होता? म्हटलं, "येत नाही, मास्तर. लांबून दिसतो आणि जातो."

मास्तर ताडकन उठले. सहा फूट उंच, खाकी अर्धी चड्डी, भोकाभोकाचा बनियन, डोक्यावर ताडाच्या पानाची टोपी. दोन्ही हात पसरून ते घराकडे तोंड करून ओरडले, "अगं ऐकलंस का! पर्जन्यछायेतला माणूस आलाय! अस्सल!"

आतून काकूंचा आवाज आला, "मग त्याला आधी पाणी द्या."

झालं. त्या क्षणापासून मी 'पर्जन्यछाया' झालो. माझं खरं नाव त्या घरात फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. "काय पर्जन्यछाये, चहा झाला का?" "पर्जन्यछाये, विहिरीवर चाललाच आहात तर दोन बादल्या जास्त काढा, तुम्हाला पाण्याचं कौतुक आहे." मला राग येत नसे. माणसाला इतक्या प्रेमानं दुष्काळी म्हणणारा दुसरा कोणी मला भेटला नाही.

डहाणू रोड स्टेशनकडून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या अंगाला त्यांची वाडी होती. चिकू, नारळ, थोडा भाजीपाला, मागं एक तळं. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. निवृत्त फक्त शाळेतून. शिकवणं चालूच होतं. फरक एवढाच की पूर्वी पोरं घंटा झाली की सुटायची, भाडेकरूला घंटाच नव्हती.

मला मिळालेली खोली ओट्याच्या टोकाला होती. एक खाट, एक खिडकी, ट्रंक ठेवली की पाय ठेवायला जागा शोधायची. तिच्या दाराच्या दोन्ही बाजूंना कुंड्यांची रांग. मास्तरांचा नियम असा की वाडीत कुठलंही नवं झाड आलं, मग ते कुणीही दिलेलं असो, ते थेट जमिनीत लावायचं नाही. अख्खा पावसाळा ते ओट्यावर कुंडीत काढणार. कसं वाढतं, कोणते किडे बोलावतं, शेजाऱ्याशी कसं वागतं, हे मास्तर बघणार. पसंत पडलं तर जमीन. नाहीतर आल्या पावली परत.

"आणि ही खोली?" मी विचारलं.

"ही पण कुंडीच," मास्तर म्हणाले. "आत तळ्याच्या बाजूला मोठी खोली आहे. हवेशीर. पण ती जमीन झाली. आधी एक पावसाळा काढा."

पहिला पावसाळा मी काढला. बुरशी आलेल्या सदऱ्यात कचेरीत गेलो, पण काढला. मास्तरांनी तो हिशेबातच धरला नाही. "यंदा पाऊस झालाय कुठं? ही काय परीक्षा झाली?" म्हणाले. त्या 'न झालेल्या' पावसात माझी चप्पल दोनदा वाहून गेली होती.

मास्तरांनी कुठूनतरी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पैदा केलं होतं. त्यात सजीव आणि त्यांचा परिसर यांच्याबद्दल बरंच काही होतं. विषय त्यांना पसंत, शब्द मात्र नव्या बुटासारखे चावायचे. म्हणून त्यांनी स्वतःचे शब्द काढले होते, आणि त्यासाठी त्यांना घराबाहेर जावं लागलं नाही. एखादा जीव जिथं राहतो ते त्याचं 'बिऱ्हाड'. एका जागी राहणारे सगळे जीव, त्यांचं पाणी, माती, ऊन हे सगळं मिळून 'गोतावळा'. कोण कुणाला खातो ती 'पंगत'. परक्या जागी येऊन तिथल्यासारखं होणं म्हणजे 'मुरणं'. हिवाळ्यात दूरवरून येणारे पक्षी 'माहेरपणाला' आलेले. अंगणात पहिला धोबी पक्षी शेपूट हलवत उतरला की ते काकूंना हाक मारायचे, "आली गं, आली! उत्तरेकडची आली!" आणि काकू खरोखरच मूठभर दाणे घेऊन बाहेर यायच्या. तो पक्षी दाणे खात नाही, किडे खातो, हे मास्तरांनी त्यांना अनेकदा सांगितलं होतं. "माहेरवाशिणीला विचारत नाहीत, वाढतात," काकू म्हणायच्या.

आता शाळेच्या पुस्तकांत अधिवास, परिसंस्था, अन्नसाखळी असे कडक इस्त्रीचे शब्द आले आहेत. शब्द चांगले आहेत, माझी तक्रार नाही. पण न्हाणीघरात धामण निघाली आणि मी अंगाला पंचा गुंडाळून ओट्यावर किंचाळत उभा होतो, तेव्हा काठी घेऊन आलेल्या काकूंच्या आडवं येत मास्तर जे गरजले ते 'अन्नसाखळी'त बसलं नसतं. ते गरजले, "खबरदार! जेवत्या पंगतीतून कुणाला उठवायचं नाही!" धामण बेडकाला तोंडात धरून निवांत तळ्याकडे गेली. काकू म्हणाल्या, "आणि हे पोर साबण लावून उभं आहे, त्याची आंघोळ कुठल्या पंगतीत बसते?"

हवा आणि हवामान यांतला फरक मला आयुष्यात एकाच माणसानं समजावला. मे महिन्यात घामानं निथळत मी म्हणालो होतो, "काय हे डहाणूचं हवामान!"

"चूक," मास्तर म्हणाले. "आज उकडतंय, ही हवा. वर्षानुवर्षं उकडतं, ते हवामान. हवा म्हणजे राग, हवामान म्हणजे स्वभाव. आता काकू सकाळी माझ्यावर ओरडली, ती हवा."

"आणि माझा स्वभाव?" आतून प्रश्न आला.

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "समुद्रकाठचा," म्हणाले. "दमट, पण पिकाऊ."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "ही पुन्हा हवा," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले.

गंमत अशी की काकू समुद्रकाठच्या नव्हत्याच. मास्तर उमेदीच्या वयात फलटणकडे शिकवायला होते, तिथं त्यांचं लग्न झालं, आणि काकू नवरी म्हणून इकडे आल्या. आल्या तेव्हा त्यांना बोंबलाचा वास आला की पदर नाकाला जायचा. मी पाहिल्या त्या काकू धाकट्या डहाणूहून टोपली घेऊन येणाऱ्या कोळणीशी अशी घासाघीस करायच्या की कोळणीचा पदर कपाळाला जायचा. आमची गावं त्या मानानं जवळची. त्यांच्या माहेरच्या दूरच्या नात्यातून ओळख निघाली होती, म्हणून तर मी खोली मागायला या ओट्यापर्यंत पोचलो होतो.

त्या कोळणीचं आणि मास्तरांचं वेगळंच चालायचं. मास्तरांच्या घशाखाली मासा पत्ता कळल्याशिवाय उतरत नसे.

"ही निवटी कुठली?"

"चिखलातली, अजून कुठली?"

"चिखलातली, ते खरं. पण भरतीच्या वेळी कुठं असते? ओहोटीला कुठं? तिवरांच्या मुळाशी, का मोकळ्या खाजणात?"

"मास्तर," कोळीण टोपली डोक्यावर घेत म्हणायची, "निवटी घ्यायची का तिला सून करून घ्यायची? एवढी चौकशी मी माझ्या जावयाची नाही केली."

जावयाचा विषय निघाला की मास्तर गप्प व्हायचे. कारण मास्तरांना एकुलती एक मुलगी होती.

शालू. हे नाव लिहिताना आजही मी जरा सावरून बसतो. वाडी खरं तर तीच बघायची. कुठला चिकू उतरवायचा, कुठला ठेवायचा, गड्यांना काय सांगायचं, सगळं तिच्याकडे. कलमं बांधण्यात तिच्या हाताला तोड नव्हती. चिकूचं कलम रायणीवर करतात. रायण इथलीच, चिवट, खोल मुळांची. तिचं रोप कुंडीतच उचलून चिकूच्या फांदीजवळ मांडवावर ठेवायचं, दोघांची साल जराशी तासायची, जखमेला जखम लावून सुंभानं बांधायचं आणि वाट बघायची. जमलं की चिकूची फांदी खालून तोडायची, रायणीचा शेंडा वरून उडवायचा. खाली रायण, वर चिकू. मी संध्याकाळी कचेरीतून आलो की सुंभ धरायला उभा राहायचो. सुंभ धरायला माणूस लागत नाही हे मला ठाऊक होतं. तिलाही होतं. तिनं कधी तसं म्हटलं नाही.

आणि आता मास्तरांचा आणखी एक शब्द सांगतो, ज्यानं माझी झोप उडवली होती. बाहेरून आलेलं, इथं कुणी न बोलावलेलं, आणि आल्यावर पसरत जाऊन इथल्यांना हुसकावणारं झाड म्हणजे 'घरजावई'. कुंपणाला घाणेरी माजायची. दर रविवारी मास्तर खुरपं घेऊन निघायचे आणि प्रत्येक झुडूप उपटताना आरोळी ठोकायचे, "उठा, जावईबापू! सासर सोडा! फार जेवलात!" मागं टोपली घेऊन मी, आणि माझ्या मागं शालू.

"तुम्ही का असे कसनुसे झालात?" तिनं एकदा विचारलं.

"काटे लागतायत."

"टोपलीला कुठं काटे असतात?"

मास्तरांची अडचण त्यांच्या दोन हातांत दोन दोर असल्यासारखी होती. मुलीला दूर दिलं तर वाडी कोण बघणार, आणि मुलीशिवाय हे दोघं बोलणार कुणाशी? जावयाला इथं आणलं, तर तो घरजावई. आणि घरजावयाचं काय करायचं हे तर ते दर रविवारी गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत होते. म्हणून आलेलं प्रत्येक स्थळ ते काहीतरी खोट काढून परत पाठवायचे. शालू पंचविशीला आली होती, आणि माझ्याजवळ विचारायचं धैर्य नव्हतं. तोंड उघडायचं तर मी कोण? कुंडीतला भाडेकरू. त्यातून पहिल्या पावसाळ्यात नापास.

एकदा मात्र मी हिंमत केली होती. सायवनच्या एसटीत. मास्तर मला समुद्रापासून डोंगरापर्यंत बिऱ्हाडं कशी बदलतात ते दाखवायला घेऊन निघाले होते. खिडकीशी बसून ते अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडत होते, "खाजण गेलं! ... वाड्या संपल्या! ... हा माळ! ... बघा, बघा, पहिला साग! हवा कोरडी झाली, नाकाला कळतंय का?"

कंडक्टर वैतागून आला. "मास्तर, थांबे मी ओरडायचे असतात. मघाशी तुम्ही साग म्हणालात आणि एक बाई उतरायला उठली."

"उतरू दे. चांगला साग आहे."

ती बाई तलासरीकडची होती, डोक्यावर बाजाराचं गाठोडं. ती खो खो हसत पुन्हा बसली आणि म्हणाली, "मास्तर, तलासरीला या एकदा, तिकडे ओरडायला जास्त झाडं हायेत."

गाडीतले सगळे हसले. त्या हसण्याच्या आडोशानं मी हळूच विचारलं, "मास्तर, चिकू पण बाहेरूनच आला ना? समुद्रापलीकडून. मग तो घरजावई का नाही?"

मास्तरांनी खिडकीतून तोंड आत घेतलं. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "चिकूला आम्ही रायणीवर बांधला," म्हणाले. "तो प्रश्न वेगळा." आणि पुन्हा बाहेर ओरडले, "मोह! डावीकडे मोह!"

मग वैशाखात उंबरगावकडचे एक शेठ आले. फियाट गाडीतून. मोठे वाडीवाले; धाकटा मुलगा बरोबर. मुलाच्या डोळ्यांवर गॉगल, तो त्यानं घरात आल्यावरही काढला नाही. शेठ म्हणाले, मुलगा इथं येऊन राहायला तयार आहे. आमच्याकडे थोरला आहे. इथं मोटरपंप बसवू, वाडी दुप्पट करू. मास्तर 'घरजावई' हा शब्द गिळून, खुर्चीच्या काठावर बसून ऐकत होते. मी ओट्यावर, माझ्या कुंडीत, भिंतीला कान लावून.

शेठनी मग गाडीतून पितळेचं घंगाळ आणवलं. त्यात पाणी, पाण्यावर फुगीर देठांची चकचकीत पानं आणि वर जांभळ्या फुलाचा तुरा. खरं सांगतो, इतकं देखणं फूल मी पाहिलं नव्हतं.

"आ जुओ, मास्तर. राणी छे, राणी!" शेठ म्हणाले. "तुमच्या तळ्यासाठी. आमच्या तळ्यात दोन सोडल्या होत्या, आज बघा, बाग झाली बाग!"

दोन सोडल्या, बाग झाली. हे वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं असतं तर मास्तरांनी त्याला ओट्याखाली उतरवलं असतं. पण समोर मुलीचं स्थळ होतं, पंप होता, आणि मुलगी घरातच राहणार होती.

काकू दारातून म्हणाल्या, "ठेवा ओट्यावर. पावसाळा काढू दे."

"अगं, पाण्यातलं झाड. त्याला कुंडी कशी?"

"मग बादलीत ठेवा."

"राणीला बादलीत?" शेठ हसले. मुलगा हसला. मास्तरही हसले, आणि मला त्यांचं हसणं पहिल्यांदाच परकं वाटलं. ते उठले, घंगाळ घेतलं, आणि इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. थेट तळ्यात सोडलं.

ते तळं म्हणजे मास्तरांचा दरबार. बेडकांचे कितीतरी प्रकार, पाणसाप, काठावर पुतळ्यासारखा उभा वंचक बगळा, फांदीवर खंड्या. संध्याकाळी खुर्ची टाकून ते तिथं बसायचे आणि गोतावळ्यातल्या प्रत्येकाची हजेरी घ्यायचे. पाऊस लागला आणि राणी पसरायला लागली. आषाढात एक कोपरा. श्रावणात निम्मं तळं. "सुंदर दिसतंय," मास्तर म्हणाले, पण खुर्ची जरा मागं घेतली. भाद्रपदात पाण्याचा थेंब दिसेना. काठापासून काठापर्यंत हिरवी गादी, वर जांभळे तुरे. खाली उजेड नाही. मासे काठाशी तोंडं वर काढून मरू लागले. वंचक गेला. खंड्या गेला. डासांनी आम्हाला फोडून काढलं. आणि एका संध्याकाळी सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की बेडूक ओरडत नाहीत.

बेडूक गप्प झाले, आणि घरात मास्तर गप्प झाले. चहा समोर निवायचा. रविवारी घाणेरी उपटायला ते निघाले नाहीत. शालूनं विचारलं, तर म्हणाले, "कुठल्या तोंडानं उपटू?"

शेवटी पाऊस ओसरल्यावर शालूनंच पदर खोचला. एका लांब दोराला बांबू बांधले, दोर तळ्याच्या दोन्ही काठांवर, एका बाजूला वाडीतले गडी, दुसऱ्या बाजूला शालू आणि मी. बांबू पाण्यावरून ओढत आणायचे, की राणीसाहेब ढिगानं काठाला. मास्तर मधोमध काठावर उभे राहून हुकूम द्यायला लागले. कित्येक दिवसांत त्यांचा पहिलाच आवाज. "ओढा! ... डावीकडून! ... पर्जन्यछाये, पुढं व्हा, छातीइतकंच पाणी आहे!"

"मास्तर, मला पोहता येत नाही!"

"छातीइतक्या पाण्यात पोहत नाहीत, उभं राहतात!"

मी उभा राहिलो. मग पाय निसटला. मग मी उभा नव्हतो. राणीच्या मुळांत गुंडाळलेला मला शालूनं सदऱ्याच्या कॉलरला धरून वर काढलं. डोक्यावर जांभळा तुरा घेऊन मी वर आलो तेव्हा नेमकी फियाट दारात थांबली. शेठ सुपारीची तारीख ठरवायला आले होते.

चिखलानं माखलेली नियोजित वधू, तुरा लावलेला भाडेकरू, आणि काठावर ताडाच्या टोपीतले सासरे, असा तो देखावा. शेठच्या मुलानं रुमाल नाकाला लावला. "माणसं लावा ना, मास्तर," म्हणाला.

"काही हरकत नाही," शेठ उदारपणे म्हणाले. "आ तळावच पुरून टाकू. इथं पंपाची खोली, बाजूला गॅरेज. कटकट खतम."

 मास्तर त्या मुलाकडे बघत होते. मग अगदी मृदू आवाजात, जसं मला विचारलं होतं तसं, त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात पाऊस कुठल्या दिशेनं येतो?"

मुलगा गोंधळला. "पाऊस? ते... पेपरात येतं ना."

मास्तरांनी वाकून राणीचा एक झुबका उचलला, झटकला, आणि शेठच्या हातात दिला. "शेठ, तुमची राणी परत घ्या," म्हणाले. "चूक माझी. मी कुंडीत ठेवायला हवी होती." हात जोडले. तेवढंच. फियाट वळली तेव्हा शेठच्या मांडीवर तो झुबका होता, आणि तो कुठं टाकावा हे त्यांना कळत नव्हतं.

गाडी गेली आणि मास्तर काठावर मटकन बसले. "संपलं," म्हणाले. "आता कोण येतंय? पोरीला पाठवून द्यायची, नाहीतर घरी एखादी राणी आणून ठेवायची. घरजावई म्हणजे..."

"पुरे!" काकू म्हणाल्या.

त्या पायऱ्यांवर उभ्या होत्या, हातात आमच्यासाठी चहाची किटली. इतक्या शांतपणे बोलल्या की गड्यांनीही दोर खाली ठेवला.

"रविवार आला की ओरडता, बाहेरून आलेलं झाड, उपटा. मी कुठून आले? मला कुठल्या कुंडीत ठेवलं होतंत? फलटणहून उचललंत आणि थेट या चिखलात लावलंत. जगातली प्रत्येक सून परक्या मातीत येते, तिला कुणी नाव ठेवत नाही. एक पुरुष आला तर लगेच गोतावळा बुडतो का तुमचा? बोला ना. मी पसरले का?"

 मास्तरांनी टोपी काढली.

"पसरलीस," म्हणाले. "सगळ्या घरभर." टोपी गुडघ्यावर ठेवली. "म्हणून तर घर उभं आहे."

काकूंनी कपात चहा ओतला. पहिला कप त्यांनी मास्तरांना दिला नाही, मला दिला. मी पाण्यात उभा होतो. डोक्यावरचा तुरा काढायचं मला सुचलं नव्हतं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, त्या कपाकडे पाहिलं, मग शालूकडे. शालू दोराच्या गाठी सोडवत होती. त्या गाठी आधीच सुटलेल्या होत्या.

तळं मोकळं व्हायला नवरात्र उजाडलं. काढलेल्या ढिगाचं खत झालं आणि ते चिकूला गेलं, मास्तर म्हणाले, "शेवटच्या पंगतीत बसवली राणीला." घटस्थापनेच्या संध्याकाळी एक बेडूक ओरडला. एकच, बसक्या आवाजात, तालीम नसलेल्या गवयासारखा. मास्तरांनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि आम्ही सगळे घास तोंडात धरून ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो, तर माझी खोली रिकामी. खाट उभी केलेली, ट्रंक नाही, खुंटीवरचा सदरा नाही.  हिशेब सरळ होता. चहाचा पहिला कप मास्तरांना दिसला होता, गाठी दिसल्या होत्या, आणि घाणेरीच्या वाटेनं मी बाहेर पडणार होतो. "उठा, जावईबापू" ही आरोळी माझ्या कानात घुमू लागली.

मास्तर ओट्यावर पाठमोरे बसले होते. समोर एक जुनी कुंडी, तिच्या बुडातून मुळं बाहेर आलेली. त्यांनी खुरप्याच्या मुठीनं तिला चारी बाजूंनी हलकेच ठोकलं. कुंडी तडकली, खापऱ्या गळून पडल्या, आणि मातीचा गड्डा तसाच्या तसा उभा राहिला, बाहेरून पांढऱ्या मुळांनी विणलेला.

"मास्तर, माझं सामान?"

"तळ्याकडच्या खोलीत. यंदाचा पावसाळा मी धरला."

मी खाली बसलो.  एक खापरी उचलून बाजूला ठेवत विचारलं, "पण मास्तर... शालूला विचारलंत का?"

मास्तरांनी गड्डा दोन्ही हातांत उचलला आणि ते वाडीकडे चालू लागले.

"तुमची ट्रंक मला उचलते का, पर्जन्यछाये? तिनंच नेली ती."